तामारमावशीनं लपवलेली विजार

निवडणुकीच्या दिवशी तामारनं नवऱ्याला नागडं करून घराबाहेर काढलं आणि तो थंडीनं काकडून मेला, असं आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर सांगतात. कारणही सांगतात. मिंगोनं म्हणे आपलं मत मालकांच्या पक्षाला विकलं होतं. वरच्या मळ्यावरची माणसं तर यात एक डुक्करही घालतात. त्यांच्या सांगण्यात मिंगोकाका डुकराच्या खोपट्यात जाऊन बसतो. मागच्या महिन्यात एका होडीवाल्यानं मला हीच गोष्ट ऐकवली आणि वर तामारमावशीचा आवाज काढून दाखवला. आवाज अगदीच भिकार. ती अशी किंचाळत नाही. मावशी चिडली की तिचा आवाज खाली उतरतो, विहिरीत घागर सोडावी तसा, आणि मग समोरच्याच्या पोटात जाऊन आपटतो. मी त्याला तो नीट काढून दाखवला, तर तो वल्हं तसंच हातात धरून बघत राहिला आणि होडी गवतात शिरली.

आता खरं काय ते सांगते. नागडं कुणी केलं नाही, बाहेर कुणी काढलं नाही, मत कुणी विकलं नाही, आणि डुक्कर तर नव्हतंच. मिंगोकाका गेला, तेवढं मात्र खरं. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये फळ्यांची एकच भिंत आहे, आणि तिला चांगली हात जाईल एवढी फट आहे. मालकाच्या काळात बांधलेली घरं ती. एका घरात कुणी शिंकलं की दुसऱ्या घरातून देव बरं करो म्हणतात. त्यामुळे मला जे माहीत आहे, ते मी किंवा माझ्या आईनं आपल्या कानांनी ऐकलेलं आहे.

तामारमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आम्ही सगळे अजून मालकाचे गुलाम होतो, लढाई चालू होती, तेव्हा एका सकाळी आम्हाला सोडवायला आलेल्या निळ्या फौजेच्या आगबोटी शिट्ट्या देत नदीतून वर आल्या आणि खाचरांत वाकलेली सगळी माणसं कुदळी टाकून काठाकडे पळाली. माझी आई तेव्हा तापानं फणफणली होती. मावशीनं चुलीवर रटरटणारं भाताचं भांडं तसंच डोक्यावर घेतलं, मला बखोटीला मारलं, आणि आईला पाठीवर टाकून मिंगोकाका तिच्यामागून चिखल तुडवत निघाला. मुकादम मागून बंदूक झाडत होता. मावशी म्हणते, बंदुकीचं काही वाटलं नाही, पण भात कच्चा राहिला. बोटीवर पोचल्यावर तिनं तो सगळ्यांना वाटला, अगदी गोऱ्या कप्तानालाही मूठभर दिला. कप्तानानं तो हातात धरून काय करावं ते न कळून टोपीत ठेवला, हे ती सांगते तेव्हा कप्तानाचे डोळेही करून दाखवते. नक्कल करण्याचं वेड मला कुठून लागलं, हे आईला विचारलं की ती भिंतीकडे बोट करते.

मिंगोकाका त्याच आठवड्यात फौजेत गेला. त्याला निळी विजार मिळाली, जाड लोकरीची, बाजूनं पट्टी असलेली. त्या दोघांचं लग्न आधी झालं होतं, मळ्यावर, गुलामांच्या रीतीप्रमाणे झाडूवरून उडी मारून, मालकाच्या परवानगीनं. पण ते लग्न मालकाच्या मर्जीपुरतं. मालकाला वाटलं की नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकली जायची. मावशीची आई तशीच गेली होती. म्हणून छावणीत फौजेचा पाद्री सगळ्या जोड्यांची लग्नं नव्यानं लावू लागला, तेव्हा मावशी रांगेत पुढे घुसली. पाद्रीनं, हा नवरा तुला मान्य आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, ते नंतर, आधी हे सांगा की याला आता कुणी विकू शकणार नाही ना. पाद्री म्हणाला, नाही. मग मान्य आहे, असं म्हणून तिनं मिंगोकाकाचा हात धरला.

काका बोलायचा कमी. लढाईनंतर आम्ही सगळे परत याच मळ्यावर आलो. जमीन वाटून मिळणार असं म्हणत होते. एक हंगाम मिळालीही. मग जुने मालक सरकारकडून माफीचे कागद घेऊन आले आणि जमीन परत त्यांची झाली. मिंगोकाकाला बांधावरच्या दारांचं काम मिळालं. भरतीला दार उघडून खाचरात पाणी घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. दिवसभर पाण्याशी बोलावं लागत असल्यामुळे घरी आल्यावर त्याच्याकडे शब्द उरत नाहीत, असं मावशी म्हणायची. खरं तर तिच्यापुढं कुणाचेच उरत नसत.

आमच्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा तो फक्त पुरुषांना मिळाला आहे हे वाडीत कुणाला पटलंच नाही. राजधानीत बसलेल्यांना काय वाटायचं ते वाटो. आमच्याकडे मत घराचं असतं, पुरुष ते फक्त पोचवून येतो. निवडणुकीच्या आधी भजनघरात सगळी वाडी जमते. बायका हात वर करतात, म्हाताऱ्या करतात, आम्ही पोरीही करतो. कुणाला मत द्यायचं ते तिथं ठरतं. मग सकाळी सगळे मिळून केंद्रावर जातात. पुरुष रांगेत, बायका बाहेर, पुरुषांच्या कुऱ्हाडी आणि बंदुका राखत. आणि एखाद्यानं ठरलेलं मोडलं, मालकांच्या पक्षाकडे झुकला किंवा घरीच बसला, तर त्यानं घरातल्या सगळ्यांचं चोरलं असं धरतात. त्याला बायको जेवण वाढत नाही, कपडे धूत नाही. भजनघरात त्याची जागा मागच्या बाकड्यावर, फेर धरताना तो बाजूला. आणि मेला तर त्याला स्मशानाच्या कुंपणाबाहेर पुरायचं, गाण्याशिवाय. हे नियम भजनघर चालवणाऱ्या म्हाताऱ्या इश्मेलबाबांनी सांगितले, पण ते पाळायला लावायचे कसे, हे तामारमावशीला ठाऊक होतं.

अब्रामची गोष्ट अजून सांगतात. जूनोचा नवरा अब्राम मागच्या एका निवडणुकीला पोट दुखतं म्हणून घरी राहिला. मालकानं त्याला घराबाहेर काढायची धमकी दिली होती. मावशीनं जूनोला घेऊन त्याचं अंथरूण, त्याचे जोडे, त्याची बासरीसुद्धा रस्त्यावर टाकली आणि सगळ्या वाडीसमोर विचारलं की अब्रामचं पोट दुखतंय की पाठीचा कणा. सगळे हसले. जूनोही हसली. अब्राम जोडे घालून निघाला तो सव्हाना शहराकडे गेला म्हणतात. परत आला नाही. जूनो त्यानंतर मावशीच्या शेजारी उभी राहून फेर धरायची आणि कधी त्याबद्दल बोलायची नाही.

तर अशी मावशी. त्यामुळे या वेळी काय झालं ते कुणाला सुचणंही शक्य नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात लाल सदरे घातलेले स्वार फिरू लागले. मालकांची पोरं, त्यांचे पुतणे-भाचे, दुकानदार. आधी नुसते घोडे नाचवायचे. मग सप्टेंबरात त्यांनी खालच्या वाडीतल्या एका माणसाला रताळी काढताना गोळ्या घातल्या. त्यानं सभेत भाषण केलं होतं. आमच्या भागात मढ्याला आंघोळ घालायला मावशीलाच बोलावतात. तिचे हात न थरथरणारे म्हणून. ती गेली, आणि उन्हं उतरताना परत आली. मी फटीतून विचारलं, काय झालं होतं त्याला. मावशी एरवी सगळं सांगते, कुणाच्या अंगावर कुठं तीळ होता तेही. त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं की मिंगो बांधावरून आला का. नव्हता आला. ती तशीच उलट पावली बांधाकडे गेली.

नंतर महिनाभर ती त्याला बांधावर एकटा जाऊ देईना. काहीतरी निमित्त काढायची. खेकडे धरायला येते, गवत कापायला येते. पण भजनघरात तिचं तोंड पूर्वीसारखंच चालायचं. किंबहुना जास्तच. निवडणुकीच्या आधीच्या सभेत सगळ्यांत उंच हात तिचा होता. जो घरी बसेल त्याच्या डोक्यावर मी स्वतः उखळ उपडं करीन, असं म्हणाली. इश्मेलबाबांचे पुढचे दात गेलेत, त्यांच्या प्रत्येक वाक्यातून वारा वाहतो. ते म्हणाले, फ्तामार, उखळ फ्ठेव, नुसतं तू बघितलंस तरी पुरे. सगळी सभा हसली. मिंगोकाका तिच्या शेजारी बसला होता. तो तिच्या वर केलेल्या हाताकडे बघत होता.

निवडणुकीच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती भिंतीपलीकडच्या खुडबुडीनं. काका विजार शोधत होता. त्याच्याकडे दोन. रोजची विजार मावशीनं पहाटेच राखेच्या पाण्यात भिजत घातली होती. निळी विजार, जी तो फक्त मताच्या दिवशी आणि कुणाच्या लग्नात घालायचा, ती खुंटीवर नव्हती. त्यानं कुठं आहे म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, उंदरांनी नेली असेल. काका एवढंच म्हणाला की मोठे उंदीर आहेत. थोड्या वेळानं तो बाहेर येऊन पायरीवर बसला, नुसत्या सदऱ्यात, उघडे पाय जुळवून.

सगळी वाडी निघाली होती. आम्ही त्यांच्या दारासमोरूनच गेलो. आता बघा, सगळ्यांना काय दिसलं ते. मिंगो पायरीवर, विजारीशिवाय. मागे दारात तामार, हाताची घडी घालून, तोंड दगडासारखं. जूनोनंच आधी हाक मारली. म्हणाली, काय मिंगोभाऊ, किती दिले मालकानं, विजारही गहाण टाकली वाटतं. कुणीतरी हसलं. सगळे मावशीकडे बघू लागले, ती आता काय म्हणते म्हणून. इश्मेलबाबांनी विचारलं, मिंगो येतोय ना.

"हा येणार नाही," मावशी म्हणाली. "आज आमच्या घरातून मत नाही."

आवाज विहिरीतलाच होता, पण खाली जाऊन आपटला नाही. तळ नसल्यासारखा गेला. ते मला नंतर कळलं. त्या वेळी सगळ्यांना वाटलं की तिनं नवऱ्याला पकडलंय, विकला गेलेला बघून त्याचे कपडे काढून घेतलेत. वाडीतल्या बायकांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ती कप्तान आहे. मावशीनं त्यांना तसं बघू दिलं. काकानंही मान खाली घातली आणि काही सांगितलं नाही. अफवा तिथं जन्मली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या पायरीवर.

माझी आई तेव्हा आजारी म्हणून घरी होती, पुढचं तिनं ऐकलं. वाडी वळणापलीकडे गेल्यावर काका आत आला. मावशी रडत होती का, असं मी आईला विचारलं. नाही, ती तांदूळ पाखडत होती, जोरजोरात. काका म्हणाला की तू घाबरलीस, ते मला कळलंय, घाबरण्यासारखंच आहे. पण मत घराचं आहे, मी पोचवून येतो. मावशी म्हणाली की विजारीशिवाय कसा जाशील. तेव्हा त्यानं दोरीवरचा तिचा परकर ओढला, तपकिरी, तो कमरेला गुंडाळला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

सरळ रस्त्यानं तो आम्हाला गाठू शकला असता. पण मग परकर नेसलेला मिंगो बघून सगळ्यांनी विचारलं असतं की विजार कुठं गेली. आणि कुणी लपवली. आणि का. म्हणून तो आमच्या केंद्रावर आलाच नाही. ओहोटी होती, पाणी त्याच्या ओळखीचं. तो बांधावरून, खाडीच्या चिखलातून, पलीकडच्या केंद्रावर गेला, जिथं तामारला कुणी ओळखत नाही. आमच्या भागात कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. तिथं काय झालं ते त्यानं संध्याकाळी तिला सांगितलं आणि ते मी फटीतून ऐकलं, कारण तेव्हा मी परत आले होते. दारावरच्या माणसानं त्याला अडवलं आणि विचारलं की आता बायकाही मत द्यायला लागल्या का. काका, जो वर्षभरात शंभर शब्द बोलत नसे, तो म्हणाला, वरून बायको आहे, आतून नवरा, मत दोघांचं आहे. रांगेतले लोक इतके हसले की त्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं. तो हे सांगताना स्वतःही हसत होता, पण मध्येच त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. मी पुष्कळ आवाज काढते. हा मात्र मी कधी काढलेला नाही.

कारण परत येताना भरती लागली होती. पाणी गळ्यापर्यंत, नोव्हेंबरातलं, आणि परकर पाण्यानं जड होऊन पायांत अडकलेला. तो घरी आला तेव्हा निळा पडला होता. दुसऱ्या दिवशी छातीत ताप बसला.

एरवी कुणी आजारी पडलं की वाडी लोटते. रस्सा येतो, मुळ्यांचा काढा येतो, म्हाताऱ्या उशाशी बसून गुणगुणतात. मिंगोकाकाकडे कुणी आलं नाही. त्याच्याकडे जायचं नाही असं कुणी सांगावंही लागलं नाही. आई कण्यांची पेज फटीतून सरकवायची. मावशी त्याला म्हणायची की मी आत्ता जाते आणि सगळ्यांना सांगते. तो म्हणायचा, आत्ता नको, मी बरा झाल्यावर आपण दोघं सांगू, हसत हसत, मी परकर नेसून दाखवीन. ती थांबली. त्याला बरं व्हायला कारण राहावं म्हणून थांबली, असं मला वाटतं. तिला स्वतःलाही ते सोपं पडलं असेल. आठवडा भरायच्या आत तो गेला.

तिनंच त्याला आंघोळ घातली. दुपारी इश्मेलबाबा दारात आले. आत आले नाहीत. टोपी हातात घेऊन सांगितलं की कुंपणाबाहेर खड्डा खणायला दोन माणसं पाठवतो. तुझ्यासाठी आम्हाला सगळ्यांना दुःख आहे, तामार, पण तू केलंस ते बरोबर केलंस. तू वाडीची लाज राखलीस. वारा नव्हता त्या वाक्यांत, किंवा मला ऐकू आला नाही.

मावशी म्हणाली, भजनघरात घंटा वाजवा.

सगळे आले. बायका पुढच्या बाकांवर, तिच्यासाठी जागा ठेवून. ती त्या जागेवर बसली नाही. मधोमध, जिथं आम्ही फेर धरतो, तिथं फळ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, तिथं जाऊन उभी राहिली. हातात ती निळी विजार होती. तांदळाच्या पिंपात होती इतके दिवस, तिच्या शिवणींत तूस अडकलं होतं.

"ही मी लपवली," ती म्हणाली. "तो विकला गेला नव्हता. मला तो जिवंत हवा होता, म्हणून लपवली. तो माझा परकर नेसून पलीकडे गेला, मत टाकून आला, आणि त्यानंच मेला. घाबरले ती मी. त्याला कुंपणाच्या आत घ्या."

मग जूनो उठली. ती बारीक आवाजाची बाई आहे, बोलताना नेहमी नाक ओढते. या वेळी ओढलं नाही.

"माझा अब्रामही घाबरलाच होता, तामार," ती म्हणाली. "तू त्याला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"त्याची बासरी टाकलीस रस्त्यावर."

"टाकली."

जूनो आणखी काही म्हणेल म्हणून सगळे थांबले. ती खाली बसली. मावशी तिच्याकडे बघत उभी राहिली. तिनं माफी मागितली नाही. मला वाटतं, मागायला तोंड नव्हतं तिला, आणि जूनोजवळ द्यायला ती नव्हती. तिथं उभ्या असलेल्या माझ्या मावशीला मी आधी कधी बघितलं नव्हतं, एवढंच सांगते. तिचा आवाज मला त्या दिवशीही काढता आला असता. उभं राहणं मात्र कुणाला काढता येणार नाही.

इश्मेलबाबा म्हाताऱ्यांना घेऊन कोपऱ्यात गेले. परत आले ते हळू बोलले. मिंगो कुंपणाच्या आत, गाण्यासकट, झेंडा घेऊन. नियम मात्र सगळ्यांना सारखे. जिनं घरचं मत अडवलं ती मागच्या बाकड्यावर. फेरात नाही, गाण्यात नाही. पुढे कधी उठवायचं ते वाडी ठरवील. हे सांगताना ते रडत होते, आणि रडताना त्यांच्या दातांतून जो आवाज येत होता त्याला दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

मावशी म्हणाली, चालेल.

म्हणून असं झालं की मिंगोकाका कुंपणाच्या आत होता आणि ती बाहेर. सगळी वाडी त्याच्याभोवती उभी राहून गात होती. शिक्षा झालेल्यानं गाण्यात उभं राहायचं नसतं, त्यामुळे ती कुंपणापलीकडे, जिथं त्याच्यासाठी खड्डा खणायला सुरुवात झाली होती त्याच्या कडेला उभी होती. दोन कुदळींएवढी माती निघाली होती तिथं. जूनो सगळ्यांत मोठ्यानं गायली. ते कुणासाठी, मिंगोकाकासाठी की अब्रामसाठी की तामारला ऐकू जावं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी थडग्यावर मेलेल्या माणसाचा कप फोडून ठेवतात. कप मावशीकडेच होता. तिनं तो कुंपणावरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तू ठेव, पण कान मोडू नकोस, तो कानाला धरूनच प्यायचा. कप फुटला, कान शाबूत राहिला. तो अजून तिथं आहे.

हिवाळाभर ती मागच्या बाकड्यावर बसली. मीही तिथंच बसायचे. भजनघरातले सगळे आवाज मागून जास्त चांगले ऐकू येतात, असं मी इतरांना सांगितलं. ती गात नसे, पण पाय हलायचा.

तेव्हा राजधानीत दोन गव्हर्नर झाले होते. आमच्या पक्षाचा एक आणि मालकांचा एक, दोघंही म्हणत मीच निवडून आलो. आमचा सरकारी इमारतीत बसला होता आणि त्याच्या दारात निळी फौज उभी होती. शाळेच्या बाईंकडून जुनी वर्तमानपत्रं आली की मी ती पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, आमच्या पक्षाचं बोलणं जाड आवाजात आणि मालकांच्या पक्षाचं नाकातून. मावशी ऐकायची. कधीतरी हसायचीही. एकदा मात्र तिनं मध्येच थांबवून विचारलं.

"यात मिंगोचं मत मोजलंय का?"

मी म्हटलं, मोजलंय म्हणून तर आपला माणूस खुर्चीत बसलाय. ती म्हणाली, तो बसलाय कारण दारात शिपाई आहेत. शिपाई गेले की तो उठेल. मी म्हटलं, शिपाई कशाला जातील. आपल्यासाठी लढाई लढले, एवढी माणसं मेली त्यांची, ते आता घरी जातील का. मावशी म्हणाली की लाव पैज. भाताला कोंब यायच्या आत जातील. गेले, तर तू माझ्या वाट्याच्या कामातला जमिनीचा एक तुकडा खणून द्यायचास, पूर्ण. नाही गेले, तर मी तुला तिळाच्या वड्या करून घालीन, काकवीतल्या, सणाला करतात तशा. मी लगेच हात पुढे केला. मला खात्री होती.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले तर तिनं तीळ भाजून झाकून ठेवले होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली की तीळ जुने झाले होते. मार्चात काकवी आणली. पुरुषांनी चर खणले, बायकांनी बी टाकून टाचेनं दाबलं, दारं उघडून पाणी घेतलं. दारांवर आता दुसराच माणूस आहे. तो पाणी फार उशिरा सोडतो. मावशी बांधावरून जाताना काही म्हणत नाही.

एप्रिलात एका सकाळी खालून आलेल्या होडीवाल्यानं सांगितलं की शिपाई सरकारी इमारतीतून बाहेर पडले. कुणी त्यांना हाकललं नाही, त्यांच्याच मोठ्या साहेबानं बोलावलं. भर दुपारी बँड वाजवत आपल्या बराकीत गेले. आमचा गव्हर्नर चाव्या देऊन निघून गेला. होडीवाला हे सांगत असताना मी बँडचा आवाज काढायला लागले होते, सवयीनं, आणि मध्येच थांबले.

खाचरात पाण्याखाली अजून काही दिसत नव्हतं. कोंब आला नव्हता.

मी त्या दिवशी मावशीच्या दाराकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आली, दोन कुदळी घेऊन. तिचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. मी म्हटलं, मावशी, पुढच्या निवडणुकीला मोजतील. तिनं एक कुदळ माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली. मी म्हटलं, पैज मी हरले, तर सगळा मीच खणायचा ना. ती म्हणाली, गप खण.